दिले खरे, पण कशापोटी?

१. लोक विचारतात तो प्रश्न

“पैसे मी दिले, त्याने घेतले, बँकेच्या उताऱ्यावर दोघांचीही नावे आहेत, मग न्यायालयाला आणखी पुरावा हवा तो कसला?” दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा हरलेला मनुष्य हा प्रश्न ज्या वैतागाने विचारतो तो वैताग समजण्यासारखा आहे, कारण घेतलेले पैसे बुडवणे हा आपल्याकडे इतका उघड अधर्म मानला जातो की तो सिद्ध करण्यासाठी साक्षीपुराव्याचा खटाटोप करावा लागावा हीच गोष्ट त्याला अन्यायाची वाटते. परंतु अशा दाव्याची कागदपत्रे उघडून पाहिली तर असे आढळते की प्रतिवादीने आपल्या कैफियतीत पैसे मिळाल्याचे पुष्कळदा नाकारलेलेच नसते. तो म्हणतो, मिळाले. पण ते कर्ज नव्हते. ते मेहुण्याने धंद्यात घातलेले भांडवल होते, किंवा मामाने कौतुकाने दिलेली मदत होती, किंवा माझ्याच जुन्या येण्याची फेड होती, जमिनीच्या सौद्याचा इसार होता, कामाची आगाऊ मजुरी होती.

शेजारच्या घरात गेलेली साखरेची वाटी उसनी गेली की वानवळा म्हणून गेली, हे वाटीकडे पाहून सांगता येत नाही. रकमेचेही तसेच आहे. बँकेचा उतारा रक्कम गेल्याचे सांगतो, ती कोणत्या वचनावर गेली याविषयी तो मुका असतो. आणि न्यायालयाला निर्णय द्यायचा असतो तो नेमका त्या वचनाविषयी.

२. कर्जाची दोन अंगे

कायद्याच्या दृष्टीने कर्जाला दोनच अंगे लागतात: एकाने दुसऱ्याला रक्कम देणे, आणि ती रक्कम परत करण्याचे बंधन दुसऱ्याने देण्याच्याच वेळी, शब्दाने किंवा वर्तनाने, पत्करणे. व्याज ठरलेले असले पाहिजे असे नाही. बिनव्याजी हातउसने हेही पूर्ण कर्जच असते. परतफेडीची तारीख ठरलेली असली पाहिजे असेही नाही. लेखही अपरिहार्य नाही, कारण तोंडी करार आपल्या १८७२ च्या करार कायद्याला मान्य आहे. मात्र ‘देण्याच्याच वेळी’ या अटीत कोणतीही सवलत नाही. ज्याने पुतण्याच्या शिक्षणासाठी मायेने पैसे दिले आणि चार वर्षांनी वाटणीच्या भांडणात मन विटल्यावर ते परत मागितले, त्याचा संताप रास्त असेल, परंतु त्या संतापाने पूर्वीच्या देणगीचे कर्जात रूपांतर होत नाही. उलट, ज्याने कर्ज घेतले त्याला धनकोच्या पुढच्या उद्धटपणाचे दाखले देऊन ते देणगी ठरवता येत नाही.

येथे एक अडचण अशी आहे की जिच्याविषयी वकील पक्षकारांशी क्वचितच मोकळेपणाने बोलतात. आपल्या कुटुंबांत पैशाची बहुतेक देवघेव होते तेव्हा ती काय आहे हे दोघांनीही ठरवलेले नसते. देणारा मनात म्हणतो, जमले तर देईल. घेणारा मनात म्हणतो, मागितले तर बघू. आणि दोघेही ते बोलून दाखवणे अशिष्टपणाचे समजतात. जोवर नाते गोड असते तोवर ही संदिग्धता सोयीची असते, किंबहुना ती नात्याची एक शोभाच असते. परंतु न्यायालयाजवळ ‘ठरलेच नव्हते’ असा तिसरा कप्पा नाही. त्याला हुकूमनामा द्यावयाचा असतो, किंवा दावा फेटाळावयाचा असतो. आणि म्हणून अशा अनिश्चित व्यवहाराचा निकाल पुष्कळदा सत्यावर न लागता, सिद्ध करण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर होते यावर लागतो.

३. ओझे कोणाचे?

सामान्य नियम सोपा आहे: जो न्यायालयाकडे काही मागतो त्याने आपल्या मागणीला आधारभूत असलेल्या गोष्टी सिद्ध कराव्यात. १ जुलै २०२४ रोजी भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला, त्यापूर्वी १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातही हाच नियम होता. वादी ‘कर्ज दिले’ असे म्हणतो, तेव्हा दिल्याचेही आणि कर्ज असल्याचेही ओझे आरंभी त्याच्यावर असते. मात्र प्रतिवादीच्या उत्तरानुसार ते ओझे हलते, आणि ते कसे हलते हे एका लहानशा उदाहरणाने पाहू.

समजा, वसंतराव आपल्या मेहुण्यावर चार लाखांचा दावा लावतात. मेहुणा तीन प्रकारची उत्तरे देऊ शकतो. “कर्ज घेतले होते, पण फेडले” असे तो म्हणाला, तर कर्ज कबूल झाले, आणि फेडल्याचे सिद्ध करणे त्याच्या अंगावर आले. पावती नसेल तर तो बहुधा हरतो. “मुळात पैसेच मिळाले नाहीत” असे तो म्हणाला आणि बँकेच्या उताऱ्याने तो खोटा ठरला, तर एका गोष्टीत खोटे बोलणाऱ्याच्या इतर बोलण्यावर न्यायाधीश सहसा विश्वास ठेवीत नाहीत. परंतु “पैसे मिळाले, ते तुमच्याकडून माझे येणे होते त्याच्या फेडीचे होते” असे तो म्हणाला, तर वसंतरावांचा उतारा त्यांच्या फारसा उपयोगाचा राहत नाही, कारण रक्कम देणारा हा नेहमी धनकोच असतो असे नाही. ऋणकोही रक्कम देतच असतो. मग न्यायालय भोवतालची परिस्थिती चाळू लागते: त्यापूर्वी मेहुण्याचे काही येणे होते काय, रक्कम देताना दोघांत पत्रव्यवहार झाला काय, पुढे कधी हप्ता किंवा व्याज आले काय, वसंतरावांनी आयकराच्या विवरणात ही रक्कम येणे म्हणून दाखवली काय, आणि वर्षानुवर्षे त्यांनी मागणीच केली नसेल तर ती का केली नाही?

आणखी एक प्रश्न न्यायालये विचारू लागली आहेत, तो म्हणजे देणाऱ्याची ऐपत. २०१९ साली कर्नाटकातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या, न वटलेल्या धनादेशाच्या एका फौजदारी प्रकरणात एका निवृत्त बस कंडक्टरने सहा लाख रुपये उसने दिल्याचे सांगितले होते. त्याच्या निवृत्तीच्या रकमेचा आणि त्याच सुमारास त्याने इतरत्र दिलेल्या मोठ्या रकमांचा हिशेब घालता एवढे पैसे त्याच्यापाशी होते कोठून याचे समाधानकारक उत्तर त्याला देता आले नाही, आणि आरोपी सुटला. ऐपतीच्या या कसोटीविषयी माझे मत असे की ती योग्य असली तरी जपून वापरावी. कारण गृहिणीने डब्यात साठवलेले किंवा शेतकऱ्याने पीक विकून घरात ठेवलेले पैसे कोणत्याही खात्यात नसतात, म्हणून ते नव्हतेच असे ठरवणे हा नागर मनाचा पूर्वग्रह होईल.

नात्याविषयीही एक गैरसमज दूर करावयास हवा. इंग्लंडच्या कायद्यात बापाने मुलाच्या नावे काही केले तर ते देणगी म्हणून केले असे गृहीत धरण्याची जुनी प्रथा आहे. परंतु १८५४ सालीच प्रिव्ही कौन्सिलने, मुलाच्या नावे घेतलेल्या मालमत्तेच्या एका वादात, हे गृहीतक हिंदुस्थानात लागू नाही असे ठरवले. म्हणून ‘बापाने दिले, म्हणजे बक्षीसच’ हा युक्तिवाद आपल्याकडे आपोआप चालत नाही. नाते हा पुराव्यातील एक धागा ठरतो, निर्णय ठरत नाही. सासऱ्याच्या पैशांबाबत तर जावयाने विशेष सावध असावे. “ते उसने नव्हते, लग्नात ठरल्याप्रमाणे दिले होते” असा बचाव करणारा जावई दिवाणी दाव्यातून निसटण्याच्या नादात १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

४. कागदाचे बळ आणि त्याचे दौर्बल्य

वचनचिठ्ठी हाती असली की धनकोची स्थिती एकदम पालटते. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या ११८ व्या कलमाप्रमाणे वचनचिठ्ठी मोबदल्यापोटीच लिहून दिली असे न्यायालय गृहीत धरते, आणि तसे नव्हते हे दाखवण्याचे ओझे सही करणाऱ्यावर पडते. परंतु त्याच चिठ्ठीवर योग्य मुद्रांक नसेल तर तिची गत विलक्षण होते. इतर बहुतेक दस्तऐवज अपुऱ्या मुद्रांकाचे असले तरी दंड भरून पुराव्यात घेता येतात. वचनचिठ्ठीला मात्र मुद्रांक कायद्याने ही सवलत दिलेली नाही. काही रुपयांचे तिकीट वाचवून लाखोंचा आधार गमावल्याची उदाहरणे वकिलांना नवी नाहीत.

दुसरा कागद म्हणजे हिशेबाची वही. रोजकीर्दीत त्या दिवशी रक्कम नावे पडली आहे, खतावणीत ती त्या माणसाच्या खात्यावर ओढली आहे, वर्षअखेरीस बाकी पुढे नेली आहे, असा पुरावा व्यापारी आत्मविश्वासाने पुढे करतो. कायदा त्याला म्हणतो की धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात येईल, परंतु केवळ तेवढ्यावरून कोणाच्या अंगावर देणे बसवता येणार नाही. जुन्या कायद्याच्या ३४ व्या कलमात असलेला हा नियम नव्या कायद्याच्या २८ व्या कलमात कायम आहे, आणि त्याचे कारण उघड आहे: वही धनकोच्या घरची, लेखणी धनकोच्या हातची, आणि नोंद होताना ऋणको तेथे नसतो. जैन हवाला प्रकरण म्हणून गाजलेल्या खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने हीच दृष्टी ठेवून सुट्या कागदांना हिशेबाची वही मानण्याचे नाकारले, आणि डायऱ्यांमधील नोंदीही स्वतंत्र दुजोऱ्यावाचून दुसऱ्यावर बांधता येत नाहीत असे सांगितले. बड्या राजकारण्यांच्या नावांमुळे तो निवाडा लोकांच्या लक्षात राहिला. पण त्यातला नियम तालुक्याच्या बाजारपेठेतील उधारीलाही तितकाच लागू आहे.

५. खरेदीखताच्या आडचे कर्ज

आतापर्यंत आपण असा धनको पाहिला की ज्याचे कर्ज खरे आहे आणि कागद अपुरा आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात याच्या नेमके उलट चित्र अधिक काळ दिसले आहे: कागद भक्कम, आणि त्यात कर्जाचा उल्लेखच नाही. शेतकऱ्याने गरजेपोटी पैसे उचलावेत आणि सावकाराने जमिनीचे खरेदीखत लिहून घ्यावे, किंवा ‘गहाण-लहाण’ लिहून घ्यावे, म्हणजे ठरल्या मुदतीत रक्कम आली नाही तर गहाण हीच खरेदी समजावी अशी अट घालावी, हा प्रकार या प्रांती जुना आहे. १८६४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने अशा एका गहाणात, मुदत उलटली तरी ऋणकोला रक्कम भरून जमीन सोडवता येते असा निर्णय दिला. व्यवहार मुळात कर्जाचा असेल तर अटीच्या शब्दांनी तो विक्रीचा होत नाही, हे या निर्णयाचे मर्म होते.

पण एका निर्णयाने गावोगावचे व्यवहार बदलत नाहीत. त्यातून १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. ती ऋणकोच्या हिताची म्हणून घातली गेली; प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. शंभराचे कर्ज, त्यावर थकलेले साठ, मिळून एकशे साठाचा नवा रोखा. पुढच्या खेपेस त्या एकशे साठावर व्याज. आणि प्रत्येक नव्या रोख्यात मजकूर असा की ही संपूर्ण रक्कम आज रोख मिळाली. न्यायालयात हा शेवटचा रोखा तेवढा वाचला जाई. शेतकरी अक्षरशत्रू असे, हजर राहत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामे होत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात दंगा उसळला, आणि पुढे तो पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. जमावाचा रोख मुख्यतः सावकारांच्या रोख्यांवर आणि वह्यांवर होता, ते हिसकावून जाळण्यात आले. त्या लोकांना पुराव्याचा कायदा ठाऊक नव्हता, परंतु आपल्याविरुद्धचा साक्षीदार कोण आहे हे त्यांनी अचूक ओळखले होते.

चौकशीसाठी कमिशन बसले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता, आणि तत्कालीन कायदेशास्त्राच्या मानाने तो मोठा धाडसी होता. त्याच्या १२ व्या कलमाने न्यायाधीशावर असे कर्तव्य लादले की त्याने शेवटच्या रोख्यावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा, रोख किती दिले आणि व्याज किती चढवले हे वेगळे करावे. पुढे जोडलेल्या १० अ कलमाने, लेखी दस्तऐवजाविरुद्ध तोंडी पुरावा घेऊ नये हा सर्वसाधारण नियम शेतकऱ्याच्या बाबतीत बाजूला सारून, खरेदीखत हे वास्तविक गहाण होते असे दाखवण्याची मुभा दिली. व्याजाची थकबाकी एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल होऊ नये, हा स्मृतिग्रंथांतून आलेला दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानीतच असत. पाचशेच्या मुद्दलावर व्याज कितीही साचले तरी दाव्यात मिळणार ते पाचशे, अधिक मुद्दल पाचशे. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानेही हीच मर्यादा घातली.

कायदा एक दार बंद करतो तेव्हा हुशार पक्षकार भिंत चाचपू लागतो. १९२९ साली संपत्ती हस्तांतरणाच्या कायद्यात अशी दुरुस्ती झाली की फेरविक्रीची अट त्याच दस्तऐवजात असल्याखेरीज व्यवहार गहाण समजला जाणार नाही. हेतू वाद कमी करण्याचा होता. परिणाम असा झाला की खरेदीखत एका कागदावर आणि जमीन परत देण्याचा करार दुसऱ्या कागदावर, किंवा नुसत्या तोंडी, अशी पद्धत रूढ झाली. आणि आज ज्याला लोक ‘नाममात्र खरेदीखत’ म्हणतात त्याच्या बहुतेक कहाण्या याच फटीतून निघतात. त्यावरचा उतारा पुराव्याच्या कायद्याच्या अन्वयार्थात सापडला. १९८१ साली, दोन हजार रुपयांच्या कर्जापोटी लिहून दिलेल्या खरेदीखताच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने असा भेद केला: दस्तऐवजातील अटी बदलण्यासाठी तोंडी पुरावा चालत नाही, परंतु हा दस्तऐवज अमलात आणण्याचा मुळी हेतूच नव्हता, तो केवळ देखावा होता, असे म्हणणे असेल तर तोंडी पुरावा चालतो. हा भेद सूक्ष्म आहे, आणि प्रत्यक्षात तो सिद्ध करणे कठीण. ताबा कोणाकडे राहिला, किंमत बाजारभावाच्या मानाने किती होती, शेतसारा कोण भरत राहिले, यांसारख्या खुणांवर ते अवलंबून राहते. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने आणखी एक वाट दिली आहे: अवैध सावकारीच्या ओघात जमीन बळकावली गेली असे आढळले तर जिल्हा निबंधक चौकशी करून तो व्यवहार अवैध ठरवू शकतो आणि जमीन परत देववू शकतो. तसेच, सावकारीचा धंदा करणाऱ्यापाशी परवाना नसेल तर त्याला वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. मित्राला एकदा अडचणीत दिलेले पैसे म्हणजे मात्र सावकारी नव्हे. धंदा म्हटला की त्यात सातत्य यावे लागते.

६. मुदत: मागितले केव्हा यापेक्षा दिले केव्हा

१९६३ च्या मुदतीच्या कायद्यात उसन्या पैशांच्या दाव्याला तीन वर्षे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक असते. ती कधीपासून मोजावयाची याविषयी मात्र मोठा गोंधळ आढळतो. “मागशील तेव्हा देईन” असे सांगून घेतलेल्या कर्जात मुदत मागणीच्या दिवसापासून सुरू होते अशी लोकांची समजूत असते. कायदा म्हणतो, कर्ज दिले त्या दिवसापासून. १० जून २०२२ रोजी तीन लाख दिले आणि भिडेपोटी पहिली मागणी ऑगस्ट २०२५ मध्ये केली, तर दावा दोन महिन्यांपूर्वीच मुदतबाह्य झालेला असतो.

तेच तीन लाख उसने न देता कोणाकडे सांभाळण्यासाठी ठेवले असतील आणि ‘मागितल्यावर परत’ असे ठरले असेल, तर ती ठेव होते, आणि ठेवीची तीन वर्षे मागणीच्या दिवसापासून चालू लागतात. म्हणून मुदत टळलेला वादी आपले कर्ज ठेव होती असे म्हणू लागतो, आणि प्रतिवादी, ज्याने आतापर्यंत कर्ज असल्याचेच नाकारले होते, तो एकाएकी ते कर्जच होते असे आग्रहाने सांगू लागतो. न्यायालयात अशा कोलांट्या पाहून नवख्याला हसू येते. दोहोंतला फरक ठरवताना न्यायाधीश पाहतो ते हे की व्यवहार कोणाच्या गरजेतून झाला: घेणाऱ्याच्या अडचणीतून झाला असेल तर बहुधा कर्ज, देणाऱ्याच्या सोयीसाठी झाला असेल तर बहुधा ठेव.

मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी देणे कबूल केले तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. वरच्या उदाहरणात ५ मार्च २०२४ चे असे पत्र असते तर दावा ५ मार्च २०२७ पर्यंत चालला असता. अंशतः भरणा केला आणि त्याची नोंद भरणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीने असली तरी तोच लाभ मिळतो. मुदत उलटून गेल्यावर नुसती कबुली पुरत नाही. तेथे करार कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे, ते देणे फेडण्याचे नवे लेखी व सहीचे वचन लागते.

७. सहीचा कोरा धनादेश

गेल्या तीन-चार दशकांत या वादांचे मोठे रणक्षेत्र दिवाणी न्यायालयाकडून फौजदारी न्यायालयाकडे सरकले आहे. १ एप्रिल १९८९ पासून न वटलेला धनादेश हा परक्राम्य संलेख कायद्याच्या १३८ व्या कलमाखाली गुन्हा झाला. धनादेश परतल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे भरण्यास सवड, आणि त्यानंतर एक महिन्याच्या आत फिर्याद, असा त्याचा क्रम आहे. पण गुन्हा होण्यासाठी धनादेश कायद्याने वसूल होण्याजोग्या देण्यापोटी असावा लागतो, आणि तेथे आपला जुना प्रश्न पुन्हा येतो: मुळात कर्ज होते काय?

येथे ओझ्याचा नियम उलटा आहे. सही कबूल झाली की देणे होते असे न्यायालय गृहीत धरते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले, आणि २०१९ साली असेही सांगितले की धनादेशावर सही एकाची व मजकूर दुसऱ्याच्या अक्षरातला असला तरी हे गृहीतक ढळत नाही. आरोपीला ते खोडून काढता येते, आणि त्यासाठी संशयातीत पुरावा नव्हे, तर त्याची बाजू अधिक संभवनीय वाटेल एवढा पुरावा पुरतो. म्हणून ‘तारण म्हणून’ कोरा धनादेश सही करून देणाऱ्याने आपण काय देत आहोत हे नीट समजून घ्यावे.

रोखीने दिलेल्या कर्जाचा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. आयकर कायद्याप्रमाणे वीस हजार वा अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास मनाई. मग तसे दिलेले कर्ज वसूलच होऊ नये काय? काही उच्च न्यायालयांनी होऊ नये असे म्हटले. सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मते अमान्य केली: नियमभंगाचा दंड करखात्याने वसूल करावा, परंतु त्यामुळे कर्ज नाहीसे होत नाही. त्या खटल्यातील आरोपीचे म्हणणे असे होते की मित्राला बँकेतून कर्ज मिळावे म्हणून आपण त्याला कोरा धनादेश सही करून दिला. न्यायालयाला ही कथा पटली नाही, आणि ती वाचणाऱ्यालाही पटणे कठीण आहे.

८. भांडवल, पैज, फसवणूक

आणखी तीन बचाव वारंवार येतात. त्यांचा परामर्श थोडक्यात घेतो. “ते भागीदारीचे भांडवल होते” असे म्हणणाऱ्या ऋणकोला वाटते की धनकोला नफ्यातील हिस्सा मिळत होता एवढे दाखवले की काम झाले. १९३२ च्या भागीदारी कायद्याचे ६ वे कलम स्पष्ट सांगते की नफ्याचा हिस्सा घेतल्याने कर्ज देणारा आपोआप भागीदार होत नाही. खानावळीत पाच लाख घालणाऱ्याला नफ्याचा चौथा हिस्सा ठरला होता, आणि तोट्याच्या महिन्यातही ठराविक रक्कम मिळत होती, तर ते बहुधा कर्ज. तोट्यातही त्याचा वाटा कापला जात होता आणि धंद्याच्या निर्णयांत तो बसत होता, तर बहुधा भांडवल.

पैजेसाठी दिलेल्या पैशांबाबत मुंबईचा कायदा इतर प्रांतांहून कडक राहिला. करार कायद्याने पैज निरर्थक ठरते, परंतु पैजेला साह्य म्हणून दिलेले कर्ज अन्यत्र वसूल होऊ शकते. जुन्या मुंबई इलाख्यात मात्र १८६५ च्या कायद्याने असे आनुषंगिक करारही निरर्थक ठरवले. म्हणून सट्ट्यापोटी दिलेल्या पैशांचा दावा लावणाऱ्याने आपल्या फिर्यादीत कारण सांगण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

आणि पोलिसांत जाण्याची घाई. कर्ज न फेडणे ही स्वतः फसवणूक नव्हे. घेतानाच बुडवण्याचा हेतू होता हे दिसावे लागते. पुढे परिस्थिती बिघडून फेड थांबली तर तो दिवाणी प्रश्न राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने पुनःपुन्हा सांगितले आहे, तरी ठाण्यात अर्ज देऊन वसुली करण्याचा मोह कमी झालेला नाही.

९. उचल

बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याला, ज्याला हिशेबात एक ‘कोयता’ म्हणतात, हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल मिळते. मुकादमाला ती रक्कम कारखान्याकडून मिळालेली असते. हंगामभर तोडलेल्या उसाच्या मजुरीतून ती फिटावी अशी अपेक्षा; फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर, किंवा पुढच्या पिढीवर. ही उचल कर्ज की आगाऊ मजुरी? मुकादम म्हणतो कर्ज, कारण मग बाकी वसूल करण्याचा हक्क उरतो. मजूर म्हणतो मजुरी, कारण मग काम केले की ती संपली.

यापूर्वीच्या बहुतेक प्रकरणांत आपण पाहिले की कर्ज सिद्ध झाले की धनको जिंकतो. येथे तसे नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे ठरवले की आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला काम सोडून जाण्याचे, अन्यत्र काम करण्याचे किंवा बाजारभावाने श्रम विकण्याचे स्वातंत्र्य उरले नसेल, तर ते वेठीचे ऋण आहे, आणि ते फेडण्याचे बंधन पूर्णतः संपुष्टात आले आहे. त्याच्या वसुलीसाठी दावा चालत नाही, आणि आधी हुकूमनामा झाला असला तरी तो फिटला असे समजावयाचे. १९८३ साली खाणमजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसले की ते आगाऊ रकमेपोटीच आहे असे न्यायालय गृहीत धरील, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर राहील. निरक्षर मजुराने उचलीचा कागद आणून दाखवावा अशी अपेक्षा ठेवली तर कायदा पुस्तकातच राहील, हे न्यायमूर्तींनी ओळखले होते.

अर्थात प्रत्येक उचल वेठीची नसते; पुष्कळ जोडपी एका हंगामात ती फेडून दुसऱ्या मुकादमाकडे मोकळेपणाने जातात, आणि तेथे ती साधी आगाऊ मजुरीच असते. पण जेथे मुकादम बाकीपोटी मजुराच्या मुलाला किंवा बैलांना अडकवून ठेवतो, किंवा दुसऱ्या टोळीत जाऊ देत नाही, तेथे त्याने ज्या वहीच्या आधारे बाकी मागायची ती वही जिल्हाधिकाऱ्यासमोरच्या चौकशीत त्याच्याच विरुद्ध जाते: किती दिले, कोणाला दिले, किती हंगाम बाकी ओढली, हे सारे तिच्यात मुकादमाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेले असते.